मधली वाट

शुक्रवारी दुपारी बाराला अर्ज बंद.
डॅग्नी टॉलेफसन, वय सत्तेचाळीस,
ज्येष्ठतेच्या यादीत दोन हजार एकशे चाळीसावी,
मिनियापोलिसच्या आपल्या स्वयंपाकघरात
वाणसामानाच्या बिलामागे उभी रेघ मारते.
एकीकडे लिहिते रुंद, दुसरीकडे अरुंद,
आणि बराच वेळ नुसतंच पेन चावत बसते.

अरुंद म्हणजे फार्गो, बिस्मार्क, डलूथ, परत फार्गो.
दिवसात चार उड्डाणं, चार उतरणी,
पंखांवरचा बर्फ नारिंगी पाण्यानं धुऊन निघेपर्यंत
मांडीवरचं सँडविच गारठून जायचं.
पण डावी खुर्ची आपली. बाहीवरच्या चारही पट्ट्या आपल्या.
आणि वारा आडवा असला तर
‘नाही, मी नेणार नाही’ म्हणायचं तेही आपणच.

रुंद म्हणजे सोल, ॲमस्टरडॅम,
महिन्यात तीनच फेऱ्या आणि बाकी सगळी झोपेची उधारी.
उजवी खुर्ची पुन्हा, एक पट्टी उतरवून.
चौघे वैमानिक, त्यातले दोघे
खिडकी नसलेल्या कपाटात पालथे.
आणि उतरवायची पाळी? आली तर आली.

मोठं घर आणि पोकळ वासा, ही आपली म्हण
तिच्या नवऱ्याला, मार्लिनला, माहीत असायचं कारण नाही.
तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बोटं पुसत म्हणतो,
‘बोट जेवढी मोठी, तेवढी ती धक्क्याला कमी दिसते.’
पंधरा वर्षांची सोल्वेग, हॉकीतली गोलरक्षक,
फ्रीजच्या दारामागून बोलते :
‘सोळातले अकरा सामने चुकवलेस, आई.
सोलला गेलीस तर निदान कारण तरी भारी असेल.’

पुढचं कुणी पासष्टीचं झालं की डॅग्नी एकानं वर सरकते.
गेल्या हिवाळ्यात लेनी ऑस्टबी गेला,
साठीही गाठली नव्हती.
चर्चमध्ये शेवटच्या बाकावर ती रडत होती,
खरंच रडत होती,
आणि डोक्यात, कुणी न सांगता,
एक आकडा वजा झाला.

बुधवारी, फार्गोच्या फेरीत, मागच्या घडीच्या आसनावर
वॉरन केल्स्टाड, रुंद विमानाचा कॅप्टन, घरी निघालेला.
तिनं उतरवलं तेव्हा तो तिच्या हातांकडेच बघत होता.
‘गेल्या महिन्यात मी दोनदा उतरवलं,’ तो म्हणाला.
‘आमच्याकडे चाकं टेकतात
तेव्हा आपण अजून तीन मजले वर असतो.
कुठेतरी मागे, खाली, आपण पोचलेलो असतो,
आणि आपल्याला ते जरा उशिरा कळतं.’
मग बॅग उचलताना,
‘पण ध्रुवाजवळ, रात्री तीनला, ते हिरवं आभाळ...’
एवढं म्हणून तो पुढचं विसरला, किंवा त्यानं ते ठेवून घेतलं.

शुक्रवार. बिस्मार्क. बाराला दहा कमी.
विमानाभोवतीची फेरी संपवून
ती नाकाच्या पत्र्यावर हातमोजा टेकवते.
हे विमान तिच्या मापाचं आहे,
आत एकच वाट, मधली.
पलीकडच्यात दोन वाटा, मधली अशी नाहीच.
दातांनी हातमोजा ओढून
ती फोनवर पहिल्या रकान्यात रुंद भरते
आणि वाऱ्यानं डोळे गळतात म्हणून बरं.

महिनाअखेर यादी लागली.
शेवटची जागा दोन हजार एकशे एकोणचाळीसला.
मार्लिन म्हणाला, ‘बरं झालं ना?’
ती हो म्हणाली. सोल्वेगनं तिच्याकडे बघून
काही न बोलता दुधाचा डबा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी डलूथला,
सरोवरावरून येताना, हवा अगदी निवांत,
तिनं नाक उचललं जरा लवकरच,
खुर्ची तीन मजले वर असल्यासारखं.
खाली काहीच लागेना. मग धप्पकन लागलं.
शेजारचा पोरगा, नवा, सव्वीस वर्षांचा,
समोर बघत राहिला, सभ्यपणे.
मागे कुणीतरी कॉफी सांडून शिवी हासडली.
‘माझंच,’ ती म्हणाली, आणि
हसूही आलं तिला, थोडंसं.